दाविदच्या घरची आभार-उपासना

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने तिथले रस्ते, दुकाने आणि शिस्त यांविषयी लिहावे अशी अपेक्षा असते. ते सगळे मी पाहिले आणि त्यातले थोडे पुढे येईल. पण या प्रवासात माझ्या हातून एक गोष्ट अशी घडली की ती वगळून बाकीचे लिहिले तर ती अर्धी बातमी होईल. नगरच्या एका दैनिकात माझी नोकरी उपसंपादक म्हणून सुरू झाली आणि वृत्तसंपादक म्हणून संपली. अर्धी बातमी छापू नये, हे मी नव्या मुलांना सांगत असे. ते आता स्वतःला सांगून लिहिते आहे.

पिस्कॅटवे

न्यू जर्सीतले पिस्कॅटवे हे एका मोठ्या विद्यापीठाला लागून असलेले गाव. माझ्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी केतकी आणि तिचा नागपूरचा नवरा तिथे राहतात. दोघेही सॉफ्टवेअरमध्ये. टेक्सासला भाचीकडे जाण्याआधी आठवडाभर मी त्यांच्याकडे उतरले होते.

ऑक्टोबर होता. झाडे तांबडी-पिवळी झाली होती आणि खाली पडलेली पाने गोळा करायला लोक पाठीला यंत्र बांधून ती फुंकत होते. यंत्राचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. घरांच्या दारांवर कापसाची कोळिष्टके ताणून बसवली होती आणि अंगणात प्लास्टिकचे सांगाडे खुर्च्यांवर बसवले होते. तिथला भुताखेतांचा सण जवळ आला होता. दिवाळीच्या तोंडावर आपण कोळिष्टके काढायला माणूस लावतो. इथे ती पाकिटातून विकत आणतात. केतकीला हे म्हटले तर ती म्हणाली, "मावशी, हसू नका. आमच्या दारावर पण लावायची आहेत आणि शिडी तुम्हीच धरणार आहात." मी धरली.

एकदा दूध आणायला चालत निघाले. फुटपाथ मध्येच संपला. गवतावरून चालले होते तेव्हा पोलिसांची गाडी थांबली आणि आतल्या तरुण अधिकाऱ्याने मी वाट चुकले आहे का, असे फार अदबीने विचारले. म्हातारी बाई दुधासाठी पायी निघाली आहे, यावर त्याचा विश्वास बसायला वेळ लागला. मग त्याने मला दुकानापर्यंत सोडले. नगरमध्ये मी पोलिसांच्या गाडीतून उतरले असते तर गल्लीभर चर्चा झाली असती. इथे कोणी मान वर करून पाहिले नाही.

मी तिथे असतानाच स्मिताचा निरोप आला. स्मिता ही माझ्या धाकट्या बहिणीची, विमलची, मुलगी. ती टेक्सासमध्ये अर्विंगला नवरा दाविद आणि मुलगी नेहा यांच्यासह राहते. दाविद मूळचा मिरजेचा. लग्न जुळण्याच्या आधीपासून ओळखीचा, म्हणून जावई असूनही मी त्याला अरेतुरे करते. तो गातो. अर्विंगच्या आसपासच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची एक छोटी मंडळी आहे. एका अमेरिकन चर्चच्या सभागृहात रविवारी दुपारी त्यांची उपासना होते. तिथले गायन दाविद चालवतो. उन्हाळ्यापासून त्याचा आवाज बसला होता. घशात गाठ सापडली, तिचा तुकडा तपासायला गेला आणि त्या रिपोर्टची आम्ही सगळे वाट पाहत होतो.

निरोप एवढाच होता: शनिवारी घरी आभार-उपासना ठेवली आहे, तू त्याआधी ये.

ज्यांना आमच्या ख्रिस्ती घरांतली रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मूल झाले, नोकरी लागली, घर घेतले, माणूस मोठ्या दुखण्यातून उठला की आम्ही पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आणि ओळखीच्यांना घरी बोलावतो. गाणी होतात, शास्त्र वाचले जाते, घरचा माणूस उभा राहून देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगतो. त्याला साक्ष देणे म्हणतात. नंतर जेवण. दुखणे चालू असताना जमतात ती नुसती प्रार्थना; आभार मागाहून. हा क्रम उलटा झालेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. तेव्हा निरोपाचा अर्थ मी लगेच लावला. रिपोर्ट चांगला आला.

तरी खात्री करायची म्हणून नगरला विमलला फोन लावला. म्हटले, "स्मिताकडे आभार-उपासना आहे म्हणे. देवाने ऐकलं गं."

विमलचा आवाज कापरा होता, पण त्यात आनंद होता. तो मी चांगला ओळखते. लहानपणापासून ऐकलेला आहे. "ऐकलं बाई," ती म्हणाली. "देव अगदी जवळ आहे त्यांच्या. मला पण आता झोप लागते."

मला हवे होते ते मिळाले. रिपोर्टमध्ये काय लिहिले आहे, हा एक प्रश्न मी विचारला नाही. शिकाऊ वार्ताहराने ही चूक केली असती तर मी त्याला पुन्हा फोनकडे पाठवले असते. त्याऐवजी मी आमच्या नातेवाइकांच्या आणि नगरच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर बातमी टाकली: दाविदचा रिपोर्ट चांगला आला, देवाची स्तुती असो. तीच अर्विंगच्या मंडळीचे वडीलधारे साळवे यांनाही पाठवली. ते मूळचे सोलापूरचे, बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले. केतकीने त्या संध्याकाळी शिरा केला.

अर्विंग

टेक्सासमध्ये ऑक्टोबरातही ऊन भाजत होते. विमानतळावर घ्यायला दाविद आला होता. तो वाळला होता. "सलाम मावशी," तो आमच्या ख्रिस्ती रीतीप्रमाणे म्हणाला. आवाज म्हणजे कागदावर कागद घासावा तसा. मला वाटले, अजून औषधे चालू असतील.

रस्ते एकावर एक चढलेले, पुलांच्या वर पूल. झाडे कमी आणि आकाश फार. गाडीत मी त्याचे अभिनंदन केले, घरच्या सगळ्यांना किती आनंद झाला ते सांगितले. कोथिंबीर घ्यायची आहे म्हणून त्याने एका भारतीय दुकानासमोर गाडी लावली, पण उतरला नाही. दुकानाच्या काचेवर भाजणी आणि गोडा मसाला आल्याची पाटी होती. समोरच्या तारांवर साळुंकीएवढे काळे चकचकीत पक्षी शेकड्यांनी बसले होते आणि एकसारखे कर्कश ओरडत होते.

"मावशी," तो म्हणाला, "कालपासून लोकांचे अभिनंदनाचे मेसेज येताहेत. मला वाटलं, ऑपरेशनची तारीख लवकर मिळाली म्हणून करताहेत."

मी विचारले, कसले ऑपरेशन.

"मंगळवारी स्वरयंत्र काढणार आहेत. सगळं. गाठ वाईट निघाली." मग माझ्याकडे बघून तो हसला. "तुमच्या पेपरात काय पद्धत होती? बातमी आधी आणि घटना नंतर?"

मी विचारले की मग शनिवारी आभार कशाचे.

"शनिवारी सांगतो ना. एकेकाला फोनवर सांगायला आवाज पुरायचा नाही. सगळ्यांना एकदमच सांगीन, आणि मग गाईन. तेवढ्यासाठी जपून ठेवलाय." असे म्हणून तो कोथिंबीर आणायला गेला.

त्याचे घर एकमजली, विटांचे, मागे छोटे अंगण. स्मिता दारात उभी होती. मला वाटले होते ती गळ्यात पडून रडेल. तिने चहा टाकला. मंडळीतल्या बायकांनी आळीपाळीने डबे आणण्याचे ठरवले होते; फ्रीज त्यांनी भरलेला. आपल्याकडे घरात आजारी माणूस असला की भेटायला येणाऱ्यांसाठी घरचेच चहा करून दमतात. इथे येणारा आधी विचारतो, डबा दारात ठेवून घंटी वाजवतो आणि बहुतेक वेळा आत न येताच जातो. मला ते आधी कोरडे वाटले. नंतर लक्षात आले की दाविदला बोलावे लागू नये, म्हणून ते आत येत नव्हते.

नेहा अकरावीत आहे. तिला मराठी समजते. उत्तर इंग्रजीत येते. मी तिला जवळ घेतले आणि माझे डोळे भरून आले तेव्हा तीच म्हणाली, "इट्स ओके, आजी. डॅड इज ओके." मग आणखी नेमके सांगावे म्हणून अर्ध्या मराठीत म्हणाली, "म्हणजे, ही इज स्केअर्ड. पण खूश आहे."

माझ्या फोनवर अभिनंदने येतच होती. नगरहून, पुण्याहून, मिरजेहून. दाविदच्या चर्चमधल्या कुणी एका बाईने तर देवाच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून ती बातमी पुढे पाठवली होती. दुरुस्ती द्यायला दोन ओळी लागल्या असत्या. चूक लक्षात आली की खुलासा दुसऱ्याच दिवशी द्यायचा, हा मीच केलेला नियम. मी फोन उलटा करून ठेवला.

सगळ्यात जास्त भीती विमलची होती. तिलाही मीच फोन करून देवाने ऐकले म्हणून सांगितले होते. तिचा तो आनंद माझ्यामुळे आहे असे मी धरून चालले. शनिवारची उपासना ती नगरहून व्हिडिओवर पाहणार होती. म्हणजे जावयाची खरी बातमी तिला सगळ्यांच्या देखत पडद्यावर कळणार, आणि शेजारी मी बसलेली असणार. आईला काय सांगितले आहे, हे स्मिताला विचारणे सोपे होते. पण विचारले असते तर विमललाही मी काय सांगून बसले ते कबूल करावे लागले असते. मी विचारले नाही.

शुक्रवारी स्वयंपाकघरात स्मिता शनिवारच्या रश्शासाठी कांदे चिरत होती. मी विषय काढला. ऑपरेशन होऊ दे, त्याला बरे वाटू दे, मग थाटात आभार मानू, असे म्हटले.

"तेव्हा पण मानू," ती म्हणाली. "पण तेव्हा तो गाणार नाही ना, मावशी."

घशावर ताण येईल, मी म्हटले.

"डॉक्टरला विचारलंय. ती म्हणाली, गाऊ दे. आता तो घसा जपून काय करायचंय."

ती रडत नव्हती, कांद्यानेही नव्हती. मी त्याच्या काळजीने बोलते आहे असे तिला वाटले आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मीही तिला तसेच वाटू दिले.

दुपारी ती नेहाला आणायला गेली, दाविद झोपला होता. मी मागच्या अंगणात जाऊन साळव्यांना फोन केला. त्यांनी उत्साहाने सलाम केला, रिपोर्टबद्दल पुन्हा आनंद सांगितला. मी म्हटले, दाविद फार थकला आहे, उद्याची उपासना रद्द करावी असे घरच्यांनी ठरवले आहे. ते हळहळले. गटावर टाकतो, म्हणाले. मी म्हटले, गटावर नको, त्याला वाचून वाईट वाटेल; एकेकाला कळवा, आणि त्याला फोन करून त्रास देऊ नका. मजकूर कसा लिहू, असे त्यांनी विचारले. तो मीच सांगितला. तीन ओळी, एकही शब्द जास्त नाही.

"तुम्ही घरातल्या मोठ्या," साळवे म्हणाले. "तुम्ही म्हणताय तर तसंच."

शनिवार

वाचकाला ताटकळत ठेवायची आम्हाला सवय नाही, म्हणून ऑपरेशनचे आधीच सांगून टाकते. ते मंगळवारी झाले. गाठ पूर्ण निघाली असे डॉक्टरांनी सांगितले. दाविदचे स्वरयंत्र गेले. गळ्याला छिद्र आहे, त्यातून तो श्वास घेतो. पुढेमागे एका छोट्या उपकरणाच्या मदतीने बोलता येईल. गाता येणार नाही. बाकी जे सांगायचे आहे ते त्याआधीच्या शनिवारचे आहे.

सकाळपासून घर कामाला लागले होते. दिवाणखान्यातला सोफा भिंतीला सरकवून दाविदने घडीच्या खुर्च्या मांडल्या. त्या चर्चमधून आणलेल्या होत्या. मटणाचा रस्सा, भात, नेहाने केलेला केक. दाविदने पांढरा सदरा घातला. दिवसभर तो एक अक्षरही बोलला नाही. काही हवे असले की टाळी वाजवायचा आणि बोटाने दाखवायचा. नेहा त्याला चिडवत होती की हा आता आपला डॉगी झाला. तो तिच्याकडे पाहून भुंकल्यासारखे करायचा, आवाज न काढता.

मी खुर्च्या पुसल्या. हे लिहायला नको वाटते, पण मी खुर्च्या पुसल्या.

पाचची वेळ होती. पाच वाजून गेले. अमेरिकेत राहून आपली माणसे वक्तशीर झाली आहेत, असे मला केतकीकडे असल्यापासून दिसले होते. दारात एकही गाडी आली नाही. दाविद खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. स्मिताने रस्त्यावर अपघात वगैरे आहे का ते फोनवर पाहिले. मग साळव्यांना फोन लावला. तिचे बोलणे मला एका बाजूने ऐकू येत होते. नाही, ती म्हणाली. कोणी सांगितले, असे विचारले. मग ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे पाहिले नाही. साळव्यांनी पाठवलेला मेसेज उघडून दाविदच्या हातात दिला.

त्याने वाचला. दिवसभर साठवलेल्या आवाजातून त्याने पहिला खर्च माझ्यावर केला.

"'अपरिहार्य कारणास्तव,'" तो म्हणाला. "साळवेकाका असं लिहीत नाहीत. ते 'सॉरी फ्रेंड्स' लिहितात."

तो हसतच म्हणाला. मी कबूल केले. रद्द मी करवली, घरच्यांनी ठरवले असे खोटे सांगितले, आणि चुकीची बातमी दिल्याचे सगळ्यांसमोर येऊ नये म्हणून केले. एवढे सांगायला मला फार शब्द लागले नाहीत.

स्मिता हसली नाही. तिने ॲप्रन काढला, घडी घातली आणि म्हणाली, "मावशी, त्याला लोकांत गायचं होतं. एवढंच मागितलं होतं त्यानं. दुसरं काही मागितलं नाही."

खोलीत रिकाम्या खुर्च्या होत्या आणि उभे राहायला जागा नव्हती, असे मला वाटले. मी बॅग भरून केतकीकडे परत जायचा विचारही केला. दाविदने टाळी वाजवली आणि बोटाने पहिली खुर्ची दाखवली. बस, असा अर्थ.

नेहाने टॅब टेबलावर उभा केला. विमल नगरच्या घरात अंगावर शाल घेऊन बसलेली दिसली. तिच्याकडे पहाट होती. दाविदने प्रार्थना केली आणि मग साक्ष द्यायला उभा राहिला. ऐकायला स्मिता, नेहा, मी आणि पडद्यावर विमल.

"रिपोर्ट हॉस्पिटलमध्येच कळला," तो म्हणाला. मधे मधे श्वास घ्यायला थांबत होता. "खाली पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसलो. स्मिता रडत होती. मी पण. मला देवाचा राग आला होता, खोटं नाही सांगत. म्हटलं, गळाच का. पाय घ्यायचा होतास. आणि मग… कसं सांगू. मागच्या सीटवर कोणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं."

तो नेहाकडे वळला.

"मी आरशात पाहिलंसुद्धा."

"कोण होतं?" नेहाने मराठीत विचारले.

"कोणी नाही. पण तुझी मम्मी मागे वळून बघत होती."

स्मिताने मान हलवली. तेव्हापासून, दाविद म्हणाला, भीती गेलेली नाही. पण ती एकटी येत नाही. सकाळी उठतो तेव्हा ते मागच्या सीटवरचे अजून आहे का ते बघतो, आणि असते. "आवाज देवाचा होता. इतकी वर्षं वापरायला दिला. परत देताना आभार मानून द्यावा, म्हणून बोलावलं होतं सगळ्यांना. चार दिवसांनी मानता येणार नाहीत असं नाही. पण आज तो आहे."

रिपोर्ट वाईट आहे, हे विमलला या क्षणी कळले असे समजून मी पडद्याकडे पाहिले. ती मान डोलावत होती. चेहरा तसाच होता, फोनवर ऐकलेल्या आवाजासारखा.

"विमल," मी म्हटले, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच सांगितलं की स्मितानं." तिचे शब्द तिकडून थोडे उशिरा पोहोचत होते. "तू फोन केलास तेव्हा मला वाटलं, तुला पण माहिती आहे. देवानं ऐकलं म्हणालीस, मी पण ऐकलं म्हटलं. ते खोटं नाही. मग गटावर तुझा मेसेज आल्याचं शेजारच्या शांताबाईंनी वाचून दाखवलं. तेव्हा कळलं, तुझा गोंधळ झालाय. परक्या घरात होतीस. फोन करून तुला रडवायचं जिवावर आलं. म्हटलं, स्मिताकडे पोचली की कळेल."

म्हणजे ज्या आनंदाला मी चांगल्या रिपोर्टचा पुरावा धरले, तो वाईट रिपोर्ट ऐकल्यानंतरचा होता. तो आवाज जन्मभर ओळखत असल्याचा माझा दावा होता. आणि जिला वाचवायला म्हणून मी ती खोली रिकामी केली, ती मलाच सांभाळत होती.

मग दाविद गायला. मिरजेच्या चर्चमध्ये लहानपणी शिकलेले भजन होते. गाणे चांगले झाले, असे मी लिहिणार नाही. वरचे स्वर लागत नव्हते. ते आले की नुसती हवा निघायची आणि ते तो हाताने दाखवायचा, आणि नेहा तेवढे गाऊन द्यायची. श्वास घेताना घशातून शीळ यायची. एका कडव्यात तो अडला, हसला आणि ते त्याने पुन्हा सुरुवातीपासून धरले. स्मिता डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे पाहत होती. विमलचा सूर एक ओळ मागे यायचा. भजनानंतर साक्ष द्यायची माझी पाळी आली तेव्हा मी उठले आणि मागच्या अंगणात गेले.

साळव्यांना फोन करून मी सगळ्यांचे नंबर घेतले. एकेकाला फोन केला. प्रत्येकाला तेच सांगितले: रिपोर्ट चांगला नाही, तो चांगला आहे असे मी चुकीचे सांगितले, उपासना घरच्यांनी नाही, मी रद्द केली, दाविदला मंगळवारी ऑपरेशन आहे, त्यानंतर गाता येणार नाही, येता येईल का. एका बाईने विचारले, "बाई, तुम्ही असं का केलंत?" आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, "निघतेच." नगरच्या गटावरही मी दुरुस्ती टाकली.

लोक अंधार पडायच्या सुमारास येऊ लागले. कोणी दुकानातून तसेच आलेले, पिशव्या गाडीत. कोणी मुलांना खेळाच्या कपड्यांतच घेऊन. साळवे मुलाचा हात धरून आले. सलाम, सलाम असे म्हणत एकेक जण दाविदला मिठी मारत होता. खुर्च्या भरल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. साळवे म्हणाले, "घे दाविद, सुरू कर."

दाविदने तोंड उघडले. काही निघाले नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. जपून ठेवलेला आवाज चार जणांत संपला होता. त्याने घशाला हात लावून मान हलवली. मंगळवारपर्यंत तो परत आला नाही. नंतर यायचा प्रश्न नव्हता. त्या खोलीतल्या माणसांनी त्याचे शेवटचे गाणे ऐकले नाही. त्याचे कारण मी आहे. ते कारण माझ्याशिवाय तिथे कोणी बोलून दाखवले नाही.

स्मिताने सुरुवात केली. तिला गळा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाकीच्यांनी उचलून धरले. दाविद टेबलावर ताल धरून बसला, बोटांनी, मग दोन्ही हातांनी. त्याचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. मी चाळीसएक वर्षे लोकांचे चेहरे पाहून मजकूर लिहिला आहे: निवडून आलेले, हरलेले, घर वाहून गेलेले. त्याच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी आनंदाशिवाय दुसरा शब्द लावू शकत नाही. घाबरलेलाही होता. दोन्ही एकाच चेहऱ्यावर होते.

शेवटची प्रार्थना घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने करायची, असा रिवाज आहे. साळव्यांनी आजूबाजूला पाहिले आणि मला खूण केली. रागाने नाही, मीच मोठी होते. मी उठून उभी राहिले. सगळे वाट पाहत होते. मला एक वाक्यही सुचेना.

दाविद टेबलापासून उठून माझ्याजवळ आला आणि त्याने माझा हात हातात घेतला. त्याने नुसत्या ओठांनी, आम्हा सगळ्यांना पाठ असलेल्या प्रभूच्या प्रार्थनेची सुरुवात केली. नेहाने ते ओठ वाचले आणि ती मोठ्याने म्हणू लागली, अडखळत, मराठीत. मग सगळेच म्हणू लागले. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. ते मला त्या वेळी बरे पडले.